महादेव बेलीफ यांच्या नवसाबाबत

अर्जदार : मी, मेहकरला कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल मांडून बसणारा अर्जनवीस. ज्यांच्याविषयी अर्ज : कै. महादेव सखाराम खंडारे, राहणार डोणगाव, हुद्दा बेलीफ, म्हणजे कोर्टाची समन्से आणि नोटिसा गावोगाव नेऊन बजावणारा इसम. संबंधित व्यक्ती : त्यांची धाकटी बहीण गोदावरीबाई, राहणार अमडापूर, त्यांची मुलगी वंदना, जी याच गोदावरीबाईंच्या मुलाला, संजयला, दिलेली आहे, आणि वंदना-संजय यांची मुलगी ईश्वरी, वयाने अज्ञान. साक्षीदार : मी स्वतः आणि आवारातील चहावाला शेख करीम. घटनेचा काळ : महादेवभाऊंच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांपासून त्यांच्या तेरवीच्या दिवसापर्यंत. घटनेचे कारण : साखर.

नावे आधी आणि रडणे नंतर, हा माझ्या व्यवसायाचा शिरस्ता आहे. समोरचा माणूस कितीही गहिवरून आला तरी मी त्याला प्रथम पूर्ण नाव विचारतो. महादेवभाऊंच्या बाबतीत हा शिरस्ता पाळणे मला जड जात आहे, तरी पाळतो. कारण ज्या व्यक्तीने जन्मभर दुसऱ्यांचे कागद बिनचूक पोहोचवले, तिच्याविषयीचा कागद तरी बिनचूक असावा.

आवारात मी पहिल्यांदा टेबल मांडले त्या दिवशी करीमने रिवाजाप्रमाणे सर्वांना चहा दिला. खाकी पिशवी काखेत धरलेले, उंच, वाळकुडे महादेवभाऊ तेथे उभे होते. त्यांनी कप घेतला, दोन्ही तळव्यांत धरून बोटे शेकली, नाकापाशी नेऊन एक दीर्घ श्वास घेतला आणि भरलेला कप तसाच माझ्या हातात दिला. "घ्या मुन्शी, मी वासानंच प्यालो," ते म्हणाले. अर्ज लिहिणाऱ्याला 'मुन्शी' म्हणण्याची जुनी पद्धत त्यांनीच आवारात टिकवली होती. मला वाटले, नव्या माणसाला मान देण्याची ही त्यांची तऱ्हा असावी. पुढे कळले की कप हातात घेऊन शेजाऱ्याला देणे हा त्यांचा नित्यक्रम होता. नको म्हटले की आग्रह होतो, आग्रह झाला की कारण द्यावे लागते. घेऊन पुढे सरकवला की कोणाच्या लक्षात येत नाही. नोटिसा टाळणाऱ्या पक्षकारांचे डावपेच आयुष्यभर पाहिलेल्या माणसाने हा एक डाव स्वतःसाठी राखून ठेवला होता.

आपल्या भागात बेलीफ दारात आला की घरातली पहिली हालचाल स्टोव्हकडे होते. चहा पाजावा, गोडीगुलाबीने बोलावे आणि नोटीस 'घरी कोणी नाही' म्हणून परत जावी, असा तो बेत असतो. महादेवभाऊंपुढे हा बेत चालत नसे. साऱ्या तालुक्यात त्यांची ख्याती होती की हा बेलीफ कोणाच्या घरचा चहासुद्धा घेत नाही. एका गावचे जमीनदार चहाला नकार मिळाल्यावर चिडून म्हणाले, "दूध तरी घ्या साहेब, का तेही कायद्यात बसत नाही?" महादेवभाऊ म्हणाले, "दूध द्या ना. फक्त साखर टाकू नका." पेलाभर दूध त्यांनी उभ्याने संपवले. जमीनदार चक्रावले. "दूध चालते अन् चहा नाई चालत, हे कोणतं तत्त्व हाये?" "माह्या पोटाचं तत्त्व हाये, पाटील. आता सही करता का दाराले चिकटवू?"

चिकटवणे हा त्यांच्या कामातील अखेरचा उपाय होता. पक्षकार तोंड लपवून बसला तर दोन पंच बोलावायचे, नोटीस मोठ्याने वाचायची आणि दारावर डकवून द्यायची. आत बसलेल्याने ऐकले नाही असे मग कायदा मानत नाही. वाचून झाले की महादेवभाऊ ठरलेले वाक्य म्हणत : "ऐकणाऱ्यानं ऐकलं, न ऐकणाऱ्याच्या दाराले चिकटलं. दोन पंच उभे हायेत. तामील झाली." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, अशी विनंती आहे.

दुपारी ते माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडत. ज्वारीची अर्धी भाकरी, डाळभाजी, कधी नुसते ताक. एकेक घास ते इतका वेळ चावत की करीम ओरडे, "अरे भाऊ, भाकरी खाऊन राह्यले का रबर? माही किटली थंडी झाली!" त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले : "तोंडात गोड झाल्याबिगर खाली सोडत नाई. आपलं खालचं ऑफिस बंद हाये." आम्ही हसत असू. मी नववीपर्यंत शिकलेला असून शास्त्र हा माझा चांगला विषय होता. भाकरीतल्या पिठाची साखर करण्याचे काम लाळेतील विकर तोंडातच सुरू करते, हे मी करीमला समजावून सांगितले होते. मात्र खालचे ऑफिस बंद असणे म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हते.

त्यांचे दोन गोड पदार्थ होते आणि त्यांवरून त्यांची थट्टा होई. आठवडी बाजारात सातपुड्याकडची एक बाई मध आणायची, त्याची बाटली ते जपून ठेवत. उन्हाळ्यात पिशवीत ग्लुकोजची पुडी असे आणि ते पाणी ते घटाघट पीत. "मध गोड नाई का, भाऊ? ग्लुकोज गोड नाई का? एकट्या माह्या चहानंच काय घोडं मारलं?" करीम विचारी. महादेवभाऊ मिशीतून हसत आणि म्हणत, "नवस साखरेचा हाये करीमभाई, मधाचा नाई." हे उत्तर ऐकून थट्टा करणारे एकदम गंभीर होत. कोणी कोणी हात जोडत. कारण त्यांचा नवस सर्वांना माहीत होता : बहिणीला मूल व्हावे म्हणून या भावाने गोड सोडले होते.

तो नवस कसा झाला हे त्यांनी मला एकट्यालाच सांगितले. नोटीस बजावून दमून आले होते, आवार रिकामे होते, करीम भांडी घासत होता. त्यांनी सांगितले ते असे.

लहानपणापासून साखर, गूळ, शिरा, बुंदी पोटात गेली की त्यांचे पोट नगाऱ्यासारखे फुगे, आंबूस वासाचे फेसाळ जुलाब लागत आणि दिवसभर ते भिंतीला धरून चालत. आईने दृष्ट काढली, जंताचे औषध दिले, अंगारा लावला. प्रसाद नाकारला म्हणून वडिलांनी देवळातच मारले. "सगळ्या दुनियेले गोड गोड लागते, तुलेच काऊन नाई?" असे विचारीत. मोठे झाल्यावर त्यांनी सांगणे सोडून दिले आणि लपवणे शिकले. मग गोदावरीबाईंचे लग्न अमडापूरला झाले. बरीच वर्षे त्यांना मूल नव्हते. एका भाऊबीजेला महादेवभाऊ गेले तेव्हा बहिणीच्या सासूबाईंनी बासुंदीची वाटी पुढे ठेवली. त्यांनी वाटी बाजूला सारली. सासूबाईंचा आवाज चढला. "आमच्या घरचं गोड चालत नाई का तुमाले? तुमची बहीण घरात लेकरू देत नाई अन् तुम्ही मानपान करता!" दाराआड गोदावरीबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. त्या रडत होत्या.

"मुन्शी, तवा तोंडातून निघून गेलं," महादेवभाऊ मला म्हणाले. "म्हटलं, मामी, मी गोड सोडलं हाये. गोदीले पोरगं होईपर्यंत साखरेले शिवणार नाई. नवस बोललो हाये. त्या म्हातारीनं मले हात जोडले. जिंदगीत पहिल्यांदा कोणी माह्यापुढची वाटी उचलली अन् माफी मागतली. त्या दिवशी समजलं, दुखण्याले कोणी इज्जत देत नाई. नवसाले देते."

पुढच्या वर्षात संजय जन्मला.

येथून त्यांची कोंडी सुरू होते. पेढ्यांचा पुडा घेऊन गोदावरीबाईंच्या सासूबाई स्वतः डोणगावला आल्या, नवस फेडायला. महादेवभाऊंनी पुडा कपाळाला लावला आणि म्हणाले, "पोरगं पायावर उभं होईपर्यंत वाढवतो." पोरगा चालू लागला तेव्हा म्हणाले, "शाळा होईपर्यंत." शाळा झाली तेव्हा म्हणाले, "लग्न होईपर्यंत." ते मला सांगत, "कोर्टात लोक तारीख वाढवून घेतात, मी देवापाशी घेतो." दर वाढीव तारखेला त्यांचा मोठेपणा गावात वाढत गेला आणि खरे बोलण्याची जागा आक्रसत गेली. गोदावरीबाई राखी बांधताना भावाच्या पायावर डोके ठेवत. माझा पोरगा दादाच्या जिभेवर वाढला, असे त्या येईल त्याला सांगत. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे की बहिणीच्या लेकरासाठी दादाने काहीच सोडले नव्हते, त्याला ते कधी मिळालेच नव्हते?

त्यात संजयचे लग्न वंदनाशी ठरले. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडे चाल आहे आणि गोदावरीबाईंना तर दादाचे उपकार घरात आणायचे होते. महादेवभाऊंनी माझ्या टेबलाशी बसून एकदाच विचारले होते, "मुन्शी, पोटाचं दुखणं पोरीत उतरते का?" मी विचारपूर्वक उत्तर दिले की वंदना पेढे खाते, म्हणजे तिच्यात उतरलेले नाही. माझे उत्तर माझ्या माहितीप्रमाणे बरोबरच होते. ते म्हणाले, "मग बोलायचं कायले? पोटाच्या रोग्याची पोरगी म्हणतील." लग्न झाले. महादेवभाऊंनी जावयाच्या हातचा पेढा घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "नातवंड उष्टावेपर्यंत."

ईश्वरी झाली. आईच्या दुधावर चांगली बाळसेदार झाली. तिच्या उष्टावणाची, म्हणजे पहिला घास भरवण्याची, वेळ आली तेव्हा गोदावरीबाईंनी त्याच दिवशी नवस फेडायचे ठरवले. नवसाचे रोडगे म्हटल्यावर अमडापूरसारख्या गावात काय होते ते वऱ्हाडात सांगावे लागत नाही. गोवऱ्यांच्या हारात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे गोळे भाजले जात होते, वांग्याची भाजी कढईत रटरटत होती आणि एका परातीत गूळ-तुपात कुस्करलेल्या रोडग्यांचा ढीग होता. मी आणि करीम मोटारसायकलने गेलो होतो. आवारातून आलेले पाहुणे म्हणून आम्हाला पुढे बसवण्यात आले.

आधी बाळाला तांदळाची गोड खीर चाटवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गोदावरीबाई गुळाच्या रोडग्याचा घास घेऊन भावापुढे आल्या. "दादा, आता कोणती तारीख नाई. माह्या हातानं तोंड उघड." महादेवभाऊंनी माझ्याकडे पाहिले. कोर्टात आरोपी वकिलाकडे पाहतो तसे ते पाहणे होते. पण वकिलाला त्या मांडवात बोलायला जागा नव्हती. त्यांनी तोंड उघडले. घास गेला, त्यामागे दुसरा गेला, मग व्याह्यांनी एक भरवला, मग भाऊबंदांनी. प्रत्येकाला त्या नवसाचा वाटा हवा होता. महादेवभाऊ हसत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. करीम माझ्या कानाशी म्हणाला, "मुन्शीजी, ये आदमी गोड नाई खाऊन राह्यला, जहर खाऊन राह्यला."

ते परत डोणगावला येऊ शकले नाहीत. बहिणीच्याच घरी ओसरीवर पडून राहिले. दोन-तीन दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. "मुन्शी, करीमले घेऊन या. दोन पंच पायजेत." करीमने दुकान शेजाऱ्याकडे सोपवले आणि आम्ही निघालो.

ओसरीवर एका खाटेवर महादेवभाऊ होते, पोट फुगलेले, डोळे खोल. त्यांच्या शेजारी झोळीत ईश्वरी होती. तिचेही पोट फुगलेले होते, ओठ कोरडे, रडण्यातला आवाज गेलेला. खिरीपासून तिला जुलाब लागले होते. घरच्यांनी वेळ न दवडता साखर-मीठ-पाणी सुरू केले होते, आणि अंगणवाडीत सांगतात तसे ते प्रमाणात केलेले होते. एरवी याच पाण्याने लेकरे तरतात. पण येथे वाटी संपे आणि जुलाब वाढत, जुलाब वाढले की पुन्हा वाटी येई. वाढत्या जुलाबांवर घरातून दुसरे कारण पुढे आले होते : नवस चुकीच्या वेळी फेडला, देव कोपला. एकाच दिवशी एकाच घरात आजोबा आणि नात दोघेही आडवे झालेले पाहून सारी गल्ली हेच म्हणत होती.

"मी लंगोट पाह्यले तिचे," महादेवभाऊ मला म्हणाले. "तोच फेस, तोच वास. हे माहं दुखणं हाये मुन्शी. साखर बंद करा म्हणून सांगून राह्यलो, तं गोदी म्हणते, दादा, तुहा नवस तू पाळ, लेकराले काऊन बांधतो?"

आता त्यांची अडचण वाचकांच्या ध्यानात यावी. ते जे सांगत होते ते आजाराविषयी होते, आणि ऐकणाऱ्यांना त्यात व्रत ऐकू येत होते. नवस खोटा ठरल्याशिवाय पोट खरे ठरणार नव्हते, आणि त्या घरातला मुलगा, सून आणि सगळ्यांची श्रद्धा त्या नवसावर उभी होती.

गोदावरीबाई स्वयंपाकघरात वाटीत साखर घालत होत्या. भावाने हाक मारली तेव्हा त्यांनी दार आतून लोटून घेतले. "मले काही ऐकायचं नाई दादा! देवाच्या विरोधात बोलू नको!" महादेवभाऊ खाटेवरून उठले. मी हात द्यायला गेलो तो त्यांनी दूर केला. चौकटीला धरून ते उभे राहिले आणि नोटीस वाचताना लागे त्या मोठ्या, सपाट आवाजात बोलू लागले.

"गोदावरी, ऐक. मी, महादेव सखाराम खंडारे, कधी नवस बोललो नाई. तुह्या पोरासाठी मी काही सोडलं नाई. मले साखर जन्मापासून पचत नाई. त्या दिवशी तुही सासू बोलली अन् तू रडली, म्हणून मी खोटं बोललो. संजय तुहाच हाये, कोणाच्या नवसाचा नाई. अन् हे लेकरू साखरेनं चाललं हाये, देवानं नाई." त्यांचा दम संपला. थोडा वेळ त्यांनी कपाळ दारावर टेकवले. मग म्हणाले, "ऐकणाऱ्यानं ऐकलं, न ऐकणाऱ्याच्या दाराले चिकटलं. दोन पंच उभे हायेत. तामील झाली."

दार लोटलेलेच राहिले. पण वंदनाने ऐकले होते. तिने एकदा वडिलांकडे पाहिले, झोळीतून लेकरू उचलले आणि संजयला म्हणाली, "गाडी काढा. बुलढाण्याले जायचं. अन् त्या वाटीले आता कोणी हात लावू नका."

बुलढाण्याच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी लेकरू दाखल करून घेतले, सलाईन लावले आणि महादेवभाऊंनाच समोर बसवून सगळी हकीकत विचारली. त्यांनी एकदाही "असं कसं होईल?" म्हटले नाही. आईचे दूध चालू ठेवायला सांगितले, साखर, गूळ आणि खीर बंद केली. बाळ तोंडाने पिऊ लागल्यावर ग्लुकोजवाल्या पुडीचे पाणी दिले. लेकराचे पोट उतरले, मग डोळ्यांत पाणी येईल इतके रडू तिला परत आले. पुढे रक्त मोठ्या शहरात तपासायला पाठवले गेले आणि बाईंची शंका बरोबर निघाली.

त्यांनी जे समजावले ते मी माझ्या भाषेत मांडतो, कारण ते मला पूर्ण समजले आहे. साखर म्हणजे दोन भावांचा संयुक्त सातबारा. एक भाऊ ग्लुकोज, दुसरा फळांतली साखर. वाटणी झाल्याशिवाय दोघांपैकी कोणालाही आतड्यातून रक्तात प्रवेश नाही. ही वाटणी करणारा अधिकारी आतड्याच्या अस्तरावर बसलेला असतो. त्याला विकर म्हणतात. काही माणसांत तो अधिकारी जन्मतःच नेमलेला नसतो. मग ती अविभक्त साखर तशीच खाली जाते, तिच्यावर जंतू अतिक्रमण करतात, वायू होतो, आतड्यात पाणी ओढले जाते. मधाची बरीचशी वाटणी मधमाश्यांनी आधीच केलेली असते. ग्लुकोज एकटाच असतो, त्याला वाटणी लागत नाही. दुधातल्या साखरेचा अधिकारी वेगळा असतो आणि तो महादेवभाऊंच्या पोटात हजर होता. पिठाची लांब साखळी लाळ आणि स्वादुपिंड तोडत आणतात, पण शेवटचे तुकडे करायला पुन्हा त्याच गैरहजर अधिकाऱ्याची गरज लागते. म्हणून भाकरी थोडी आणि चावून चावून. वंदनाने पेढे खाऊनही मुलीत हे आले कसे, तर दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून यावा लागतो. वंदनाकडे तो गुपचूप होता आणि गोदावरीबाईंच्या रक्तातून संजयकडेही. दोघांनाही त्याचा त्रास नव्हता. लेकरात दोन्ही हिस्से एकत्र आले.

बाईंनी आजाराचे नाव कागदावर लिहून दिले. इंग्रजी नाव होते, लांब. महादेवभाऊंनी ते मला वाचायला लावले, पुन्हा एकदा वाचायला लावले. मग दवाखान्याच्या बाकावर बसून ते हसू लागले आणि हसता हसता उपरण्याने डोळे पुसू लागले. "म्हणजे मुन्शी, त्याले नाव हाये. मी नखरेबाज नव्हतो. बाप माहा उगाच मारत होता."

येथे हे व्यक्तिचित्र संपले असते तर मी अर्जाचे स्वरूप घेतले नसते. लेकरू घरी आले. गोदावरीबाईंनी नातीची साखर खरोखर बंद केली. त्या आजी आहेत, लेकराचे डोळे उघडलेले त्यांनी पाहिले होते. भावाशी मात्र त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. गावात त्या एवढेच सांगू लागल्या : "दादानं लेकराले वाचवायले आपला नवस खोटा केला. सगळं पुण्य नातीले देऊन टाकलं." झाले. आधी महादेवभाऊ गोड सोडणारे होते, आता पुण्य सोडणारे झाले. ते जितके नाकारीत तितके लोक म्हणत, खरा त्यागी असाच नाकारतो. आवारातसुद्धा पक्षकार त्यांच्या पाया पडू लागले. एकदा एक म्हातारा पाया पडून गेल्यावर ते माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "मी कोर्टाचा माणूस हाये बे! दोन पंचांसमोर तामील केली, तरी हे लोक घ्यायले तयार नाईत!"

निवृत्त झाल्यावर एका सकाळी ते आले. करीमचा कप घेतला, हात शेकले, माझ्याकडे सरकवला. "मुन्शी, माह्या नावानं एक अर्ज लिहा. मी नवस केला नव्हता, मले आजार हाये, असं साफ लिहा." मी कागद ओढला. "प्रति कोणाच्या नावे?" ते विचारात पडले. तहसीलदार नाही, कोर्ट नाही, देवस्थान नाही. "गोदीच्या नावानं लिहू का?" ते पुटपुटले आणि स्वतःच मान हलवली. "तिनं सही नाई केली तर मी पुन्हा चिकटवणार नाई. बहीण हाये." मी 'प्रति' लिहून पुढची ओळ कोरी ठेवली. तो अर्ज त्या दिवशी तसाच राहिला. त्यानंतर थोड्याच काळाने, डोणगावच्या घरी, दुपारी भाकरी चावता चावताच ते गेले.

तेरवीला मांडवाच्या तोंडाशी त्यांच्या फोटोचा मोठा फलक होता आणि फोटोखाली 'त्यागमूर्ती' असे छापलेले होते. पंगतीत गोड वाढले जात होते. ईश्वरी आता बोलणारी, धावणारी मुलगी आहे. वाढणाऱ्या एका बाईंनी बुंदीची मूठ तिच्यापुढे धरली. "खाय माय, आजोबाचा नवस फिटला आता." मी पुढे होणार तोच वंदनाही पलीकडून धावली. त्याआधीच त्या लेकराने दोन पावले मागे घेतली, हात जोडले आणि ती म्हणाली, "मले नवस हाये."

बाईंनी बुंदी ताटात परत टाकली आणि लेकराला हात जोडले. शेजारच्या दोघींनीही जोडले. गोदावरीबाई तेथेच उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. वंदना थांबली. तिने मुलीला काही समजावले नाही, कारण लेकराचे काम झाले होते. कोणी आग्रह केला नाही, कोणी कारण विचारले नाही. फोटोतले महादेवभाऊ त्या सगळ्याकडे बघत होते. करीमने माझा दंड धरला.

सबब निवेदन करण्यात येते की, महादेव सखाराम खंडारे हे त्यागमूर्ती नव्हते. ते आजारी होते, आणि आजार असूनही हसतमुख, कामात सचोटीचे आणि बहिणीवर जीव लावणारे होते. तेवढे एका माणसाला पुरे आहे. फलकावरचा शब्द काढण्यात यावा. त्यांच्या नातीला पंगतीत, शाळेत, हळदीकुंकवाला, कोणत्याही मांडवात "मले पचत नाई" एवढे म्हणण्याची मुभा मिळावी आणि ते ऐकून वाढणाऱ्याने वाटी मुकाट्याने उचलावी. हात जोडू नयेत.

'प्रति' पुढील कोऱ्या ओळीत मी आज नाव लिहितो : श्रीमती गोदावरीबाई, अमडापूर, तसेच आग्रह करणारे सर्व. महादेवभाऊंनी पुन्हा चिकटवायचे नाही असे म्हटले होते, म्हणून मी हा कागद तुमच्या दारावर डकवत नाही. मांडवात तुमच्या शेजारीच उभा होतो. लेकरू काय बोलले ते आपण दोघांनी ऐकले. आक्का, तिला ते वाक्य कोणी शिकवले नाही. दुसरे वाक्य तिला फक्त तुम्हीच शिकवू शकता. उत्तराची वाट पाहत आहे. मी कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली, रोज असतो.

अर्जदाराची सही.
पंच : शेख करीम, चहावाला.